बाबांचा पाना

गॅरेजच्या बाकावर मी ऑइल बदलून होण्याची वाट बघत होतो. शेजारी शर्यतीचं जाकीट घातलेली एक मुलगी आणि तिचे बाबा बसले होते. मेकॅनिक काळ्या प्लॅस्टिकचं एक धूड घेऊन आला.

"ताई, हा तुमचा इनटेक मॅनिफोल्ड. इंजिनात हवा यातूनच जाते. ही बघा चीर."

"अगंबाई! चिकटवून चालेल का? रविवारी शर्यत आहे."

"साधी गाडी असती तर चिकटवला असता. तुमच्या टर्बोच्या दाबानं पहिल्याच फेरीत पुन्हा फुटेल. नवा टाकतो, शनिवारी गाडी घेऊन जा."

"पण फुटला कसा?"

"बरोब्बर बोल्टपाशी फुटलाय. कुणीतरी जीव खाऊन आवळलाय. प्लॅस्टिक आहे हो हे!"

"मी तर हातही लावला नाही... बाबा?"

"माझ्याकडे काय बघतेस?"

"घरातल्या बरण्यांची झाकणं कोण आवळतं? आईला अजून एकही उघडता आलेली नाही."

"अगं, तू दोनशेनं गाडी हाणतेस. मला बघवत नाही, म्हणून मी शर्यतीला येत नाही. घरी बसून दुसरं काय करणार? म्हटलं, निदान एकही बोल्ट सैल नको."

"काका, आणखी कुठे पाना लावलात?"

"कुठेच नाही."

"बाबा..."

"चाकांना. तेवढंच."

"अहो, शर्यतीच्या मध्येच चाकं बदलावी लागतात!"

"मग येतो ना रविवारी. माझ्याशिवाय ती कुणाला निघायचीच नाहीत."