सोनओढ्याची नवी जात

हडपसरच्या बसच्या रांगेत आमोद काणे नव्या फ्लॅटची किल्ली बोटाभोवती फिरवत उभे होते. पुढे एक मुलगी वडिलांवर वैतागली होती.

“बाबा, नुसता किडा काय म्हणता? नवी जात आहे! पाण्यातली अळी वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधते.”

“नकाशा मंजूर करून घेते का? मग तुझा लेख परत का आला, दीक्षा?”

“एकच नर सापडलाय. तपासणारे म्हणतात, आणखी आणा.”

“मग आण की.”

“कुठून आणू? सोनओढ्यावर स्लॅब टाकून पार्किंग केलंय!”

“बरं, नाव तरी ठेवलंस?”

“सोनओढ्याचंच.”

“अगं, ते तर त्या नव्या बिल्डिंगचं नाव!”

“त्यांनी आधी ओढा गाडला, मग नाव उचललं!”

काण्यांनी किल्ली मुकाट्याने खिशात टाकली.