केरबाच्या स्लॅबचं पाणी

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. प्रश्न साधा आहे. माणूस गेला की आपण म्हणतो, त्याची काहीतरी इच्छा राहिली असेल. म्हणतो ना? पण ती ओळखायची कशी? जिवंतपणी ज्याचं धड ऐकलं नाही, त्याच्या मनातलं तो गेल्यावर आपल्याला कसं कळणार हो?

माळेवाडीत केरबा नावाचा गवंडी होता. हात कसबी, जीभ तिखट. देवळाशेजारी बालवाडीची खोली त्यानं बांधायला घेतली. भिंती उभ्या राहिल्या आणि ऐन एप्रिलात, सोमवारी, वर स्लॅब ओतला.

मंगळवारी सकाळी केरबा वर चढला. चिखलाचे चार बोटं उंच बांध घालून त्यानं सगळ्या स्लॅबवर आळी पाडली, शेतात वाफे पाडतात तशी, आणि त्यांत पाणी भरलं. लेक शेवंता खालून घागरी देत होती. तेवढ्यात आले पंच श्रीपतीअण्णा!

"केरबा, काल ओतलेला स्लॅब आज दगड झालाय की! आता कशाला भिजवतोस? वर चढून नाचू का?"

"नाचा की अण्णा! पण चौदा दिवसांनी. आणि तोवर जरा वजन उतरवून या!"

आता हसताय, पण पुढचं नीट ऐका. केरबा म्हणाला, "अण्णा, सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. लोक माल कालवताना पाणी ओततात भसाभस, आणि स्लॅब पडल्यावर देतात थेंबभर. पाहिजे नेमकं उलटं! या उन्हात आळं एक दिवस कोरडं पडलं, तर भेगा आल्याच म्हणून समजा. खाली तुमची नात बसणार आहे."

अण्णांनी मान हलवली. आपणही हलवतो ना कीर्तनात? तशीच!

आणि त्याच संध्याकाळी केरबा गेला. हातपाय धुऊन जोत्यावर बसला, लेकीला म्हणाला, "चहा टाक." चहा झाला. घेणारा नव्हता.

बुधवारी घर माणसांनी भरलं. शेवंता भिंतीला टेकून बसली होती. रडू येत नव्हतं. ऊन उंबऱ्यावर आलं, तशी ती उठली आणि घागर घेऊन देवळाच्या विहिरीवर गेली. कठड्यापाशी श्रीपतीअण्णा!

"पोरी, सुतक आहे तुला. देवाची विहीर आहे ही."

"मग तुम्ही कुणीतरी वर पाणी घाला, अण्णा."

"एवढी घाई कसली? दिवसकार्य होऊ दे. स्लॅब काय पळून जातोय?"

ती भांडली नाही. ओढ्यावर गेली. ओढा अर्ध्या मैलावर. सहा खेपा केल्या. शिडीवरून वर गेली, तर आळ्यांच्या चिखलावर बापाच्या बोटांचे ठसे वाळलेले. अंगठा इथं, चार बोटं तिथं. बांध फुटू नये म्हणून तिनं पाणी हलक्या हातानं सोडलं. तरी सहा घागरींनी एवढा स्लॅब भिजतो होय? कडेच्या आळ्यांना नुसती ओल पोचली.

गुरुवारी रक्षाविसर्जन. नदीकाठी पानावर नैवेद्य ठेवला, सगळा गाव लांब उभा राहिला. कावळा काही येईना!

मग सुरू झाली बोली. पुतण्या म्हणाला, "काका, म्हैस विकणार नाही!" कावळा नाही. मावशी म्हणाली, "शेवंताला अंतर देणार नाही!" कावळा झाडावरच. कुणी म्हणालं, "विडी ठेवा रे पानावर!" ठेवली. कावळ्यानं तोंड फिरवलं!

शेवंता वर बघत होती, पण कावळ्याकडे नाही. सूर्याकडे. तो डोक्यावर आला होता. तिनं घागर नदीत बुडवली, कमरेवर घेतली आणि निघाली.

"अगं, कुठं?" श्रीपतीअण्णा ओरडले. "कावळा शिवला नाही अजून!"

"अण्णा, कावळा दिवस मावळेपर्यंत थांबेल. स्लॅब थांबणार नाही." आवाज चढला नव्हता तिचा. "मघापासून जो तो बाबांच्या मनातलं ओळखतोय. ओळखायचं काय त्यात? त्यांनी तुम्हालाच सांगितलं होतं. चौदा दिवस पाणी."

मंडळी, अण्णांनी आधी नैवेद्याकडे पाहिलं, मग पाठमोऱ्या पोरीकडे. आणि धोतराचा सोगा खोचला!

"चला रे! देवळाच्या विहिरीवर चला. तिचा कठडा केरबानंच बांधलाय. त्याच्या लेकीचा विटाळ तिला कसला?"

सगळा गाव निघाला. शिडीवर माणसांची रांग लागली, घागरी हातोहात वर चढल्या. शेवंता वर उभी राहून सांगत होती, "हळू ओता, बांध फुटेल." शेवटचं आळं काठोकाठ भरलं, तेव्हा कुठं ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

आता तुम्ही विचाराल, कावळा शिवला का? खरं सांगते, कुणी बघितलंच नाही! सगळे पाण्याला गेले होते. परत येऊन पाहिलं तर पान मोकळं. कावळ्यानं नेलं की कुत्र्यानं, देव जाणे. अण्णा म्हणाले, "पोचलं." आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

चौदा दिवस गावानं पाळीपाळीनं आळी भरली. टेकू निघाले, तेव्हा छताला केसाएवढी भेग नव्हती.

हे झालं माळेवाडीचं. आता तुमचं! तुमच्या या देवळाच्या नव्या मंडपाचा स्लॅब परवा ओतला ना? मघाशी येताना मी शिडी चढून पाहून आले. आळी सुरेख बांधलीत. पण आत पाणी? ठणठणीत कोरडं! आणि इथं अंगणात आपण बसलोय देवाची इच्छा काय म्हणून विचारत!

आरती थांबेल, मंडळी. विहीर समोर आहे. उठा, घरटी एक कळशी. मृदंग ठेवा खाली, बुवा, तुम्हीसुद्धा!