व्याह्यांना घातलेली कालवं

कालवं उघडणं हे काय माणसाचं काम आहे? नाही, तुम्हीच सांगा! चोवीस कालवं, एक स्क्रूड्रायव्हर आणि मी… सकाळी सातपासून ओट्याशी उभा, कालव म्हणजे नुसता दगड हो, कडेला एवढीशी फट, तिच्यात टोक घालायचं आणि पिळायचं, तर कालव तसंच आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या तळहातात! मासेवाली म्हणते, "काका, जिवंत आहेत ती, मिटूनच बसणार." जिवंत! हे मला पिशवी हातात दिल्यावर सांगते! आता माणसानं हबकायचं नाही तर काय करायचं?

आणि हा खटाटोप कशासाठी, तर मुलीसाठी. मुलगा राजी, मुलाची आई राजी, घोडं अडलं कुठे, तर मुलाच्या वडिलांपाशी. तीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. आवाज असा घशातून… "बंदरोबंदरी कालवं खाल्लीत आम्ही. एकदा तुमच्या हातची खाऊ, मग लग्नाचं बोलू." म्हणजे माझ्या पोरीचं लग्न कालवांवर! हबकायचं नाही तर काय करायचं?

तर तुम्हाला सांगतो, साडेअकराला शेवटचं कालव उघडलं, वरची टरफलं फेकली, खालच्या शिंपल्यांत तो करडा लिबलिबीत ऐवज नीट बसलेला, बायकोला म्हटलं, आता वरून फक्त लोणी, ठेचलेला लसूण, पावाचा चुरा आणि थोडं चीज, दहा मिनिटं ओव्हनमध्ये, बास… आणि मी गेलो दवाखान्यात, हाताला तीन टाके घालायला.

एकला मंडळी आली. ताट आलं, लोणी अजून चुरचुरतंय, त्या गृहस्थांनी एक शिंपला उचलला, तोंडाला लावला, डोळे मिटले… उघडेनात! मुलगी दाराशी उभी, तोंडावरचा रंग उडालेला. माझ्याच्यानं बघवेना, पाणी आणायचं निमित्त करून आत गेलो, तर केराच्या बादलीत… चोवीस! चोवीसच्या चोवीस कालवं!

बायको शांत. म्हणते, "अहो, काय ती घाण आत! चमच्यानं खरवडली, शिंपले घासले, पुसले, मग भरलं सगळं."

घाण! बाहेर ते लोणी-लसूण चाटतायत आणि कालवं इथे बादलीत! संपलं, म्हटलं, मोडलं लग्न… तोच बाहेरून हाक, "विहीणबाई!"

विहीणबाई! दारातून आत येईपर्यंत वहिनी होती ती!

"इतकी हलकी कालवं उभ्या जन्मात खाल्ली नाहीत. लग्नात दोनशे माणसांना हीच हवीत."

मुलगी रडायलाच लागली आनंदानं. आणि मी… हबकायचं नाही तर काय करायचं?

मंडळी गेल्यावर बायकोला म्हटलं, अगं, दोनशे! माझा हात राहील का जागेवर? तर म्हणाली, "मग रिकामेच शिंपले आणा ना."

आणि खरं सांगतो… मला त्यात चूक काढता येईना.