‘पाहिले’ची पायरी

मी, टेलरताई या नावाने परिचित, वय ५२ वर्षे, धंदा कपडे शिवणे, राहणार परवाना कार्यालयामागील गल्ली, दुकानावरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी व माझा धाकटा भाऊ असे दोघे राहतो. भाऊ परवाना कार्यालयात नोकरीस आहे. बांधकामाचा किंवा पाडकामाचा अर्ज आला, की शेवटचा शिक्का बसण्याआधी त्याने जागेवर जायचे, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आणि कागदावर ‘पाहिले’ असे लिहून सही करायची, एवढेच त्याचे काम. सगळे त्याला पाहिलेसाहेब म्हणत. घरी हाच माणूस डोक्यावरचा चष्मा घरभर शोधायचा, म्हणून मला त्या नावाचे हसू येई.

गेल्या वर्षी कारभार सुटसुटीत करायला समिती आली. कागद बरोबर असेल तर जागा कशाला पाहायची, असे म्हणून तिने ‘पाहिले’ची पायरी काढून टाकली. समितीचे सगळेच चुकले असे मी म्हणत नाही. दुकानाच्या दुरुस्तीच्या ज्या परवान्यासाठी मी आधी चपला झिजवल्या, तो चहा संपायच्या आत हातात पडला. भावाची खुर्ची व पगार कायम राहिला. मी म्हटले, "तुझी तर चंगळ आहे बाबा."

त्यानंतर शिपाई त्याच्यापुढे चहा ठेवायला विसरू लागला. मग लोक त्याच्या खुर्चीत फायली ठेवू लागले. तो बसलेला असताना, त्याच्या मांडीवर. घरी येऊन तो म्हणाला, "ताई, मी त्यांना दिसत नाही गं." मी म्हटले, "राईचा पर्वत करू नकोस. जेव आधी." तो जेवला.

परवा बाजारामागची तीन मजली इमारत पाडायची होती. कागदावर ती रिकामी होती. भाऊ सवयीने आदल्या दिवशी जाऊन पाहून आला होता. वर एक म्हातारे जोडपे राहते, असे त्याने कार्यालयातल्या मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर उभे राहून सांगितले. साहेबांनी वारा येतोय म्हणून खिडकी लावून घेतली. तेव्हा परवा सकाळी तो स्वतःच त्या दोघांना आणायला गेला. मी त्याचा डबा घेऊन मागोमाग गेले. म्हातारा-म्हातारी खाली आली. आजी म्हणाल्या, "कुणीतरी हाताला धरून उतरवलं. कोण ते दिसलं नाही." त्यांच्या औषधांची पिशवी वर राहिली होती, ती आणायला भाऊ पुन्हा गेला.

तेवढ्यात पाडकामाचे यंत्र सुरू झाले. मी आडवी गेले. भाऊ वरच्या खिडकीत पिशवी घेऊन उभा होता. चालकाने यंत्र थांबवून खिडकीकडे बराच वेळ पाहिले व म्हणाला, "मावशी, कुणी नाही तिथं." तो खोटे बोलत नव्हता. मला दोघांनी बाजूला ओढले व त्याने इमारत पाडली.

मी कार्यालयात गेले. रांग नव्हती, उत्तर लगेच मिळाले. "ते पद आता नाही, ताई. आणि इमारत रिकामी होती. रिकाम्या इमारतीत कोण असणार?"

ढिगाऱ्याखालून ठोकल्याचा आवाज येतो. आज सकाळीही आला. शेजाऱ्यांनाही ऐकू येतो. ते येतात, बघतात आणि काही नाही म्हणून परत जातात. माझा भाऊ जिवंत आहे व मला फार भीती वाटते. ढिगारा आजच उपसावा, अशी माझी मागणी आहे.

जबाब वाचून दाखवण्याची पायरीही आता काढल्याचे हवालदारांनी सांगितले. मी हट्ट धरला, म्हणून त्यांनी वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली व शिपायाला विचारले, "ती बाई गेली का रे?" मी समोरच बसलेली आहे. हेही लिहून घ्या असे मी म्हटल्यावरून लिहिले आहे.