सगळी पुस्तकं पाटीत

...नाही नाही, सोय आहेच! सोय नाही असं कोण म्हणतंय? आमच्या तनयानं दिली, आमची लेक, पुण्याहून आली ती ही वाचायची पाटी घेऊनच. "बाबा, यात हजार पुस्तकं मावतात." वजन म्हणाल तर घावनाएवढं, अक्षर हवं तेवढं मोठं करा, लाईट गेली तरी वाचा, आणि उताणं पडून वाचताना डुलकी लागली तर नाक फुटत नाही. जाडजूड पुस्तकानं माझं नाक दोनदा फुटलंय, तुम्हाला सांगतो. सोय म्हणजे सोय!

आता उभा जन्म रोह्यात मास्तरकी केलेला माणूस, बोलल्याशिवाय राहतोय होय? केस कापायला गेलो तिथे सांगितलं, कोलाडला मिसळ खाताना शेजारच्या टेबलाला सांगितलं, आणि घरात तर उठता-बसता... "अगं विमल, सगळी पुस्तकं आता या पाटीत. ते कपाट म्हणजे नुसतं वाळवीचं वसतिगृह." बोलून गेलो. जिभेला कुठे चार्जिंग लागतं?

पाटीला लागतं. भर दुपारी, ऐन खुनी सापडायच्या बेताला पाटी काळीठिक्कर, वायर लावावी तर लाईट नाही. लाईट गेली तरी वाचा म्हणालो ना मघाशी? ते आदल्या दिवशी आठवण ठेवणाऱ्यांसाठी. म्हटलं, बायको झोपलीय तोवर गुपचूप एखादं जुनं पुस्तक काढावं, म्हणून कपाट उघडलं... तर आत पोह्यांचा डबा. खाली वाल, वर कोकमं, त्याच्या वर पापड. अहो, माझी पुस्तकं! समासात पेन्सिलीनं लेखकांशी भांडलो होतो मी त्यांत, आणि कुणाला सांगू नका, पण त्यातलं एकसुद्धा त्या पाटीवर मिळत नाही. शोधून शोधून दमलो होतो.

"विमल, कपाटातली पुस्तकं?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळी पाटीत आहेत? हमरापूरचा कमळाकर कागदाच्या लगद्याचे गणपती करतो, त्याला दिली. रद्दीत नाही घातली हो, देवाच्या कामाला दिली."

आता देवाच्या कामापुढे बोलायचं काय? आणि पाटीत नाहीत म्हणावं, तर गावभर मारलेल्या बढाया कुठे नेऊन पुरू? "यंदाचा गणपती सांगून येतो" म्हणालो आणि गाडी पकडून हमरापूर गाठलं. एखादं तरी कोरडं सापडेल, एवढीच आशा.

कमळाकर अंगभर पांढरा, आणि हसतोय. "मास्तर, कागद लय बेस व्हता तुमचा. पाण्यात घातला नाय तोवर मऊ."

"उरलंय का रे काही?"

"उरलंय म्हंजे? ही काय, लायनीत बसलीत."

समोर रांगेनं गणपती, रंग न लागलेले. "ह्या मोठ्या पोटाच्यात तुमची जाडीजाडी गेलीत," म्हणाला. पोटाला कान लावायचा तेवढा बाकी ठेवला मी. तोच सांगितला. काय करणार? माझीच पुस्तकं मी दुसऱ्यांदा विकत घेतली.

बाप्पा घरी आले. आरतीला सगळ्यांचे हात जोडलेले, आणि मी त्या पोटाकडे बघत एकेक गोष्ट आठवतोय. शेजारी म्हणतात, "मास्तर यंदा फार तल्लीन." म्हटलं, वाचन आणि पूजा एकदमच होतेय, सोय म्हणजे सोय!

पण विसर्जनाला कुंडलिकेच्या पाण्यात मूर्ती हां हां म्हणता विरघळली, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. चारचौघांत. विमलनं रुमाल दिला.

"असं काय करता? पुढच्या वर्षाचंही मी कमळाकरला सांगून ठेवलंय. माळ्यावर तुमची ट्रंक आहे ना पुस्तकांची? तीही असतील ना हो पाटीत?"

काठावर सगळी आळी उभी, तनया उभी, केस कापणारासुद्धा उभा, आणि सगळे माझ्याचकडे बघतायत.

"असतील की," म्हटलं.