झिजलेल्या खटक्यासाठी एक प्रार्थना

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरबाई, शेजारच्या मंडळीतून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे, पंचमंडळाचे वडीलधारे सभासद, ज्यांच्यासाठी आज सभागृहात खुर्च्या कमी पडल्या असतील ते आमचे पाळकसाहेब आणि पाळकबाई, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

बोलण्याचे धाडस केल्याबद्दल आणि ते स्वतःच्या तोंडाने न केल्याबद्दल, अशी दुहेरी क्षमा मी आधीच मागून ठेवते. 'परीक्षेत पहिली आलीस, आता पाळकसाहेबांच्या निरोपाला चार शब्द बोलायला काय हरकत आहे?' असे चिटणीसकाका म्हणाले. हरकत एकच होती. चार माणसांसमोर उभी राहिले की माझे चारही शब्द पळून जातात. म्हणून मी लिहून पाठवते आहे आणि काका ते आपल्या खणखणीत आवाजात वाचणार आहेत. काका, एक विनंती. पुढे एका ठिकाणी आपल्याला थांबावेसे वाटेल. कृपा करून थांबू नये. वाचायचे तर सगळे वाचावे, नाहीतर आताच घडी घालून खिशात ठेवावे.

पाळकसाहेबांच्या एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल माझ्याहून अधिकारी व्यक्ती बोलतील. मी फक्त एका भिंतीविषयी आणि एका यंत्राविषयी बोलणार आहे.

ती भिंत आपल्या उजव्या हाताला, दाराशेजारी आहे. दीड वर्षापूर्वी तीन दिवसांच्या सभांसाठी एक पाहुणे उपदेशक आले होते, ते आपल्या स्मरणात असतील. त्यांचे बूट इतके चकचकीत होते, की पुढच्या रांगेतली मुले त्यात स्वतःचे तोंड पाहत होती. "राजाच्या दारात जाऊन सुतळीचा तोडा मागाल का?" असे त्यांनी विचारले, आणि आपण सर्वांनी एका सुरात "नाही!" म्हटले. मग त्यांनी पद्धत सांगितली. जे हवे त्याचे चित्र कापून आणा, रंगासकट, आकारासकट, आणि देवाच्या घराच्या भिंतीवर चिकटवा. ते मिळालेच आहे असे धरून चाला. जुन्याची डागडुजी करू नका, कारण डागडुजी म्हणजे अविश्वास.

आठवड्याभरात भिंत भरली. दुमजली घरे आली, गाड्या आल्या, कपडे धुण्याची यंत्रे आली. आमच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी विमान लावले. कोणी विचारले, "काय मावशी, परदेशी निघालात?" तर म्हणाल्या, "मी कुठली जाते! त्यात बसून माझा मुलगा येऊ दे." मी एका कागदावर ठळक एक हा आकडा काढून लावला. आणि माझ्या वडिलांनी, ज्यांना आपण बाइंडरदादा म्हणता, विजेवर चालणाऱ्या कागद कापण्याच्या यंत्राचे चित्र लावले.

जूनमध्ये माझा पहिला क्रमांक आला. "भिंत पावली!" असे म्हणत आपण माझे कौतुक केलेत. माझी लेखी साक्षही उपासनेत वाचली गेली. त्या साक्षीत एक गोष्ट मी लिहिली नव्हती, ती आज लिहिते. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीनेही माझ्या कागदाखालीच एक हा आकडा लावला होता. पहिला क्रमांक एकच असतो. मग देवाने तिच्या कागदाकडे पाठ फिरवली, असे मी समजायचे का? ती माझ्याइतकीच जागत होती आणि माझ्याइतकीच गुडघे टेकत होती. निकालानंतर ती उपासनेला यायची थांबली. मला त्याचे कारण ठाऊक होते, तरी मी ते विचारायला गेले नाही.

बाबांचे यंत्र मात्र आले नाही. दर रविवारी कोणीतरी मायेने विचारी, "दादा, विश्वास कुठे कमी पडतोय हो?" बाबा हसून "पडतोय खरा" म्हणत, आणि घरी येऊन जेवणाचे ताट बाजूला सारत.

दुकानातले जुने यंत्र हाताने चालते. पुस्तकांच्या कडा सारख्या करण्यासाठी त्याचे जड पाते दांड्याने खाली ओढावे लागते. ते पुन्हा वर नेले, की एक खटका त्याला वरच धरून ठेवतो. तो खटका झिजला होता. बाबांनी पाते तारेने बांधून ठेवले होते आणि तारेखाली हात घालून ते कागद जुळवत होते. "अहो, दुरुस्त करून घ्या की," आई रोज म्हणे. "नवं येणार आहे म्हणतो ना! तूच माझ्या विश्वासाला भोकं पाडतेस," हे बाबांचे उत्तर.

नऊ ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमारास पाळकसाहेब दुकानात आले. बरोबर एक फिटर होता आणि कागदाच्या पुडीत नवा खटका होता.

बाबांचा चेहरा उतरला. "साहेब, याला हात लावणं म्हणजे देवाला सांगणं, की तू काही देणार नाहीस."

"असं कसं? नवं आलं की ते चालवायला बोटं लागतीलच ना, दादा?"

"तुम्ही नुसती प्रार्थना करा हो माझ्यासाठी!"

"ती झाली. आता पाना द्या."

मी कोपऱ्यात पानांना दोरा घालत बसले होते. मला वाटले, हे थट्टेवारी नेत आहेत. महिनोन्महिने उपास करणाऱ्या माणसासमोर दोन मिनिटे डोळे मिटण्याचेही सौजन्य नाही? फिटर काम करून गेला. बाबा पाठमोरे उभे होते. त्यांनी निरोपही दिला नाही.

काका, आता थांबू नये.

त्याच संध्याकाळी पंचमंडळाला एक निनावी पत्र आले. 'पाळकसाहेबांचा प्रार्थनेवर विश्वास उरलेला नाही, ते गरिबांची श्रद्धा मोडतात' असे त्यात होते. खाली 'मंडळीचा एक विश्वासू सभासद' अशी सही होती. ते पत्र आपल्याच हाती पडले होते, काका. जानेवारीच्या बैठकीत पाळकसाहेबांच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचा विषय निघाला तेव्हा ते पत्र वाचले गेले आणि मुदतवाढ मिळाली नाही. ते पत्र मी लिहिले होते. कोणाला संशय येऊ नये म्हणून 'सभासद' पुल्लिंगी केला होता. भाषेतले माझे गुण असे कामी आले.

पत्रानंतर आठच दिवसांनी, कागद जुळवताना बाबांच्या कोपराचा धक्का दांड्याला लागला. हात पात्याखाली होता. टक असा आवाज झाला आणि पाते जिथल्या तिथे राहिले. बाबा स्टुलावर बसले आणि बराच वेळ स्वतःची बोटे पाहत राहिले. मीही पाहिली. तरीही मी पत्र मागे घेतले नाही. प्रथम लाज वाटली, मग उशीर झाला, आणि मग उशिराचीच लाज वाटू लागली.

पाळकसाहेब, मंडळीच्या वतीने आज आपल्याला आपलेच जुने पवित्र शास्त्र नव्याने बांधून दिले जाईल. पाळकबाईंनी ते गुपचूप आणून दिले होते. बाबांनी ते त्याच यंत्राजवळ बसून बांधले, पण त्याच्या कडा कापल्या नाहीत. "साहेबांची पेन्सिल पार कडेपर्यंत गेलीय. कापलं तर लिहिलेलं जाईल," असे ते म्हणाले. शिवणीसाठी पाने सुटी करण्याचे काम माझ्याकडे होते. परवानगीवाचून मी वाचले, हा आणखी एक अपराध. प्रत्येक प्रार्थनेपुढे आपण तारीख आणि वेळ लिहिता, हे मला तेव्हा कळले. एका समासात लिहिले आहे: 'बाइंडरदादांच्या बोटांसाठी. आणि यंत्रासाठीही, तुझी इच्छा असेल तर. ९ ऑगस्ट, पहाटे ५.२०.' आणि त्याखाली, 'फिटरला आठ वाजता गाठणे.'

खरोखरच झाली होती ती प्रार्थना.

मागणे चूक आहे असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरात यंत्राची गरज आहे त्याने यंत्र मागू नये, हे सांगणे पोट भरलेल्यांना सोपे असते. बाबांनीही मागणे सोडलेले नाही. ते चित्र त्यांनी या भिंतीवरून काढून दुकानात लावले आहे, जुन्या यंत्राच्या अगदी वर. रोज सकाळी ते त्याच्याकडे पाहून हात जोडतात आणि मग खटक्याला तेल घालतात. दोहोंत त्यांना आता विरोध वाटत नाही. मिळाले ते देवाच्या प्रेमाचे माप आणि मिळाले नाही ते आपल्या विश्वासाचे, अशी मोजणी मात्र मी तरी सोडली आहे. काल मी मैत्रिणीच्या घरी गेले होते. "आता सुचलं का?" एवढेच ती म्हणाली. पण दार उघडे ठेवले.

पाळकसाहेब, आपली गेलेली दोन वर्षे मी परत आणू शकत नाही. पंचमंडळाने आज ते पत्र माझ्या नावावर मांडावे आणि जो निर्णय योग्य वाटेल तो घ्यावा. मी मागच्या रांगेत, बाबांच्या शेजारी बसलेली असेन. हे सगळे त्यांनाही आपल्याबरोबरच कळते आहे.

मला लिहायला सांगितल्याबद्दल काकांची, आणि शेवटपर्यंत ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांची मी ऋणी आहे. शब्दांत काही उणेअधिक झाले असेल तर ते पोटात घालावे. त्या पत्राबद्दलची क्षमा मात्र आपणा सर्वांकडे मागत नाही, ती एकाच व्यक्तीकडे मागते. मागताना तारीख आणि वेळ घालावी, हे त्यांच्याच समासातून शिकले.

पाळकसाहेबांच्या पुढच्या वाटेसाठी, आणि माझ्या क्षमेसाठी, त्यांची इच्छा असेल तर.

बाइंडरची मुलगी
शनिवार, २५ मे २०२४, पहाटे ५.२०