दोन टिचक्या

परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या कचेरीत माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या, एक म्हातारी आणि एक तरुण. मी पुस्तकात डोकं घालून होतो, तरी ऐकू आलं. एखादा शब्द चुकला असेल.

“नवरा चाललाय का गं?”

“हो मावशी, पुढच्या आठवड्यात. डबे भरायच्या कारखान्यात. तुमचं कोण आहे तिकडे?”

“मुलगा. त्याच कारखान्यात होता. चार महिने फोन नाही.”

“कारखान्यात विचारलंत?”

“करार संपला, तो गेला म्हणतात. कुठे गेला ते ठाऊक नाही. वर कौतुकाने सांगतात, त्याच्या टेबलावर आता तिप्पट माल निघतो.”

“तो नसताना?”

“यंत्राचा हात बसवलाय. त्याचा व्हिडिओ पाठवला मला. रोज बघते.”

“यंत्रात काय बघायचंय रोज?”

“तो हात झाकण लावतो आणि वर दोनदा टिचकी मारतो.”

“यंत्राला कशाला लागते टिचकी?”

“नाहीच लागत. ती माझी खोड. मुलाने लहानपणी माझं बघून उचलली.”

“काहीतरीच मावशी.”

“वर्षभर त्याला तारा लावलेले हातमोजे घालून काम करायला लावलं होतं. हातांची हालचाल टिपायला म्हणे.”

“…ह्यांच्या हातांचं माप मागवलंय काल.”

“मागवणारच. तुझ्या नवऱ्याला आहे का गं हातांची काही सवय?”

“कधी लक्ष नाही दिलं.”

“आठवडा आहे ना अजून? नीट पाहून ठेव.”